जिभेचं पहिलं पिअर्सिंग: ठरवण्यापासून छोटी दांडी बसेपर्यंत

जीभ टोचून घ्यायला काही सेकंद लागतात. त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे मात्र सांभाळायचे असतात. नव्याने विचार करणारा बहुतेक जण पहिल्यांदा विचारतो, ‘दुखतं का?’ दुखतं, पण ते लवकर संपतं. पुढची कित्येक वर्षं दात आणि हिरड्या शाबूत राहणार की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं: भोक नेमकं कुठे पडलं, त्यात घातलेली दागिन्याची दांडी किती लांब आहे, आणि सूज उतरल्यावर ती दांडी वेळेवर बदलली का. पिअर्सर निवडतानाही याच तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा.

हा लेख जिभेच्या मध्यरेषेवर, वरून खाली सरळ जाणाऱ्या साध्या पिअर्सिंगबद्दल आहे. पहिल्यांदा करून घ्यायचं तर हेच. जिभेच्या टोकातून आडवी दांडी घालतात, तिला ‘स्नेक आइज’ म्हणतात. ती घेऊ नका. जिभेचे डावे आणि उजवे स्नायू स्वतंत्रपणे हलतात. आडवी दांडी त्यांना एकमेकांना जखडते आणि तिच्या टोकांचे मणी सतत पुढच्या दातांवर घासत राहतात. मध्यरेषा सोडून दोन्ही बाजूंना दोन भोकं पाडायच्या प्रकारात मोठ्या रक्तवाहिन्या जवळ येतात, म्हणून तोही पहिल्या खेपेचा विषय नाही.

१. आधी आरशासमोर उभे राहा

तोंड उघडून जीभ वर टाळूला लावा. जिभेखाली मधोमध एक पातळ पट्टी दिसेल, जी जिभेला तोंडाच्या तळाशी बांधून ठेवते. तिच्या दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतील. मुख्य धमन्या आणखी आत, डावीकडे आणि उजवीकडे, असतात. बरोबर मध्यरेषेवर मोठ्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणूनच भोक तिथे पाडतात.

खालचं भोक या पट्टीच्या किंचित पुढे यावं लागतं. पट्टी फार पुढपर्यंत आलेली असेल तर जागाच उरत नाही. जीभ बाहेर काढून पाहा. ती खालच्या दातांच्या पुढे नीट येत नसेल किंवा बाहेर काढताना टोक मध्ये दबून पत्त्यांतल्या बदामासारखा आकार होत असेल, तर पट्टी आखूड आहे. अशा जिभेत दांडी खूप पुढे बसवावी लागते आणि मग ती दातांवर आपटत राहते. चांगला पिअर्सर अशा वेळी सरळ नकार देतो. तो नकार मान्य करा. ‘काही होत नाही, करून टाकू’ म्हणणारा दुसरा शोधत फिरू नका.

आता तब्येत. पुढच्यापैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, त्याशिवाय वेळ ठरवायची नाही:

- हृदयाच्या झडपेचा आजार, कृत्रिम झडप, जन्मजात हृदयदोष किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला झालेला संसर्ग. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात जातात आणि अशा हृदयावर ठाण मांडू शकतात.
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं किंवा रक्त न गोठण्याचा विकार.
- ताब्यात नसलेला मधुमेह, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषध.
- गरोदरपण किंवा अंगावर पाजणं.

तोंडात छाले, हिरड्यांना सूज, किडलेला दात किंवा घसा दुखणं असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. एकदा दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घ्या आणि काय करायचं ठरवलंय ते त्यांना सांगा. ते बहुधा नको म्हणतील. दंतवैद्यांच्या संघटना तोंडातल्या पिअर्सिंगच्या विरोधात आहेत आणि त्यामागे पाहिलेले तुटके दात असतात. पण आधीपासून हिरड्या खाली सरकलेल्या आहेत का, हे त्यांच्याकडूनच कळतं. तसं असेल तर हा बेत सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कावीळ ब ची लस झाली आहे का ते पाहा. झाली नसेल तर तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, तेवढा वेळ धरून चाला. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आतली असावी. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी रक्तपेढीत आधी चौकशी करावी, कारण पिअर्सिंगनंतर काही काळ रक्त घेत नाहीत.

२. पिअर्सर निवडणं

जागा आधी नुसती बघायला जा. त्या दिवशी काहीच करून घेऊ नका. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं तोंडी ऐकून थांबू नका, दाखवायला सांगा.

पहिला प्रश्न ऑटोक्लेव्हचा. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं हे यंत्र आहे. ते खरोखर जंतू मारतंय का, हे तपासायला ठरावीक काळाने त्यात जिवाणूंचे बीजाणू ठेवून चाचणी करतात. त्या चाचणीचे अलीकडचे निकाल मागा. हत्यारं ज्या पाकिटांत असतात त्यांवर रंग बदलणारी खूण असते. पण ती खूण पाकीट तापलं एवढंच सांगते; बीजाणू चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न सुईचा. पोकळ, एकदाच वापरायची, बंद पाकिटातली आणि तुमच्यासमोर उघडलेली सुई हवी. वापरून झालेल्या सुया टाकायला जाड भिंतीचा बंद डबा दिसला पाहिजे. कान टोचायची बंदूक जिभेसाठी कोणी काढली तर तिथून निघा. तिच्यातली बोथट खुंटी मांस दाबत फाडत जाते, आणि ती बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये सहसा घालताही येत नाही.

तिसरा प्रश्न अनुभवाचा. बऱ्या झालेल्या जिभांचे फोटो मागा. नुकत्याच टोचलेल्या जिभेचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो. तीन-चार महिन्यांनंतरच्या फोटोत दांडी मध्यरेषेवर आहे का, वरचा मणी किंचित मागे झुकलेला आहे का आणि दांडी आखूड केलेली आहे का, ते बघा.

शेवटी विचारा: ‘छोटी दांडी कधी बसवणार?’ याचं उत्तर न अडखळता यायला हवं. ‘हवी तर या नंतर’ असं उत्तर मिळालं, तर त्या माणसाने सूज उतरल्यानंतरच्या दिवसांचा विचार केलेला नाही.

घरी वापरायच्या पिअर्सिंग किटबद्दल एकच वाक्य: स्वतःच्या जिभेचा खालचा भाग स्वतःला धड दिसत नाही आणि रक्तवाहिन्या तिथेच आहेत.

३. दागिना: धातू, जाडी, लांबी, आटे

जिभेत घालतात त्या सरळ दांडीला बारबेल म्हणतात. दोन्ही टोकांना मणी.

धातू. पहिल्या दागिन्यासाठी शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम सगळ्यात निर्धास्त. त्याचं प्रमाण ‘एएसटीएम एफ १३६’ या क्रमांकाने ओळखतात. त्याच दर्जाचं स्टील ‘एएसटीएम एफ १३८’. पाकिटावर नुसतं ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यातून नेमका मिश्रधातू कळत नाही; क्रमांक आणि उत्पादकाचं प्रमाणपत्र मागा. निकेलची ॲलर्जी असेल (खोट्या कानातल्यांनी किंवा पट्ट्याच्या बकलाने खाज सुटते का, आठवा), तर स्टील नकोच. मुलामा दिलेले दागिने तोंडात टिकत नाहीत. ॲक्रिलिकचे रंगीत मणी पहिल्या दिवसासाठी अजिबात नकोत; ते वाफेत निर्जंतुक होत नाहीत आणि चावले की तडकतात.

जाडी. नेहमीची जाडी १४ गेज, म्हणजे १.६ मिमी. काही पिअर्सर १२ गेज, म्हणजे २ मिमी वापरतात. १४ गेजहून बारीक दांडी घेऊ नका, ती मऊ मांस कापत सरकते.

लांबी. पहिली दांडी साधारण १९ ते २२ मिमी असते. ती मुद्दाम लांब ठेवतात, जिभेच्या जाडीपेक्षा साधारण ५ ते ६ मिमी जास्त, कारण जीभ पुढच्या काही दिवसांत फुगणार असते. पहिल्याच दिवशी ‘छान बसते म्हणून’ आखूड दांडी घातली, तर सूज चढल्यावर मणी जिभेत रुततात आणि वरून मांस चढायला लागतं. मग दागिना डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. म्हणजे लांब दांडी सुरुवातीला गरजेची आणि सूज उतरल्यावर तीच घातक. हे वाक्य लक्षात ठेवा; पुढच्या बहुतेक सूचना याच्यातूनच निघतात.

आटे. दांडीच्या बाहेरच्या अंगाला आटे असतील तर ते ताज्या जखमेतून खरवडत जातात आणि नंतर त्यांच्यात घाण साचते. आटे मण्याच्या खुंटीवर आणि दांडी आतून पोकळ, अशी रचना घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे एकमेकांना बसतीलच असं नाही, म्हणून जास्तीचा मणी घ्यायचा तर त्याच कंपनीचा.

४. सोबत काय न्यायचं, घरी काय आणून ठेवायचं

सोबत फोटो असलेलं ओळखपत्र आणि वयाचा पुरावा. अठरा वर्षांखालच्यांना पालक सोबत असले तरी अनेक चांगले पिअर्सर जीभ टोचत नाहीत. तसं असेल तर वय होईपर्यंत थांबा. चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी कागदावर लिहून न्या. तिथे संमतीपत्र भरायला देतील. ते वाचा, आणि आजारांच्या रकान्यात काही लपवू नका.

घरी आधीच आणून ठेवा:

- नवा, मऊ केसांचा टूथब्रश
- अल्कोहोल नसलेला माउथवॉश
- आयोडीन न घातलेलं साधं मीठ, किंवा औषधाच्या दुकानातलं निर्जंतुक सलाइन
- उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ, छोट्या तुकड्यांत
- निर्जंतुक गॉज
- पॅरासिटामॉल, आणि तुम्हाला चालत असेल तर आयबुप्रोफेन (दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून)
- एक जास्तीची उशी
- चावायला न लागणारं, थंड किंवा कोमट खाणं चार-पाच दिवस पुरेल एवढं: दही, पातळ सूप, दूध, कुस्करलेली फळं

वार निवडतानाही विचार करा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज सगळ्यात जास्त असते आणि बोलणं अडखळतं. मुलाखत, तोंडी परीक्षा, गाण्याचा कार्यक्रम किंवा दातांचं काम त्या आठवड्यात नको. बासरीसारखं वाद्य वाजवणाऱ्यांनी आणखी मोठी सुटी धरावी.

५. आदला दिवस

चोवीस तास आधीपासून दारू नाही. ॲस्पिरिनचा रक्त गोठण्यावरचा परिणाम आठवडाभर राहतो, म्हणून डोकेदुखीवर सहज घेत असाल तर त्या आठवड्यात पॅरासिटामॉलवर भागवा. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

रात्री नीट झोपा. जायच्या एक-दोन तास आधी पोटभर जेवा. उपाशीपोटी बसलेल्याला चक्कर येण्याची शक्यता जास्त, आणि नंतर काही तास मनासारखं खाता येणार नाही हेही आहेच. घरून निघताना दात आणि जीभ घासा, दोन दातांमध्ये अडकलेलं दोऱ्याने काढा.

६. खुर्चीत बसल्यावर

क्रम साधारण असा असतो.

आधी जंतुनाशकाने अर्धा ते एक मिनिट चूळ भरायला सांगतात. पिअर्सर हात धुऊन नवे हातमोजे घालतो. त्यानंतर त्याने मोबाइल, दिव्याचं बटण, खण असं काहीही हाताळलं तर हातमोजे बदलायला हवेत. तसं झालं नाही तर तिथेच सांगा. अशा वेळी संकोच करू नका.

मग तो जीभ उचलून खाली उजेड टाकतो, शिरा कुठे आहेत ते पाहतो आणि वर व खाली ठिपके काढतो. वरचा ठिपका टोकापासून साधारण दीड ते दोन सेंटिमीटर मागे असतो आणि खालच्या ठिपक्यापेक्षा किंचित मागे. त्यामुळे दांडी थोडी मागे झुकते, वरचा मणी टाळूच्या खोलगट भागात जातो आणि पुढच्या दातांपासून लांब राहतो. ठिपके आरशात पाहा. जीभ बाहेर ताणली की मध्यरेषा फसवते, म्हणून जीभ तोंडात सैल ठेवूनही एकदा बघायला सांगा. पटलं नाही तर ठिपके पुसून पुन्हा काढायला लावा. सुई गेल्यावर या चर्चेला अर्थ राहत नाही.

जीभ गॉजने कोरडी करतात आणि बहुतेक जण भोक असलेल्या चिमट्यात धरतात. अनेकांना सुईपेक्षा या चिमट्याचा दाबच जास्त जाणवतो. नाकाने सावकाश श्वास घ्या, जीभ मागे ओढू नका. सुई जाते, तिच्या मागोमाग दांडी सरकते, मणी फिरवून बसतो. संपलं. थोडं रक्त येतं. गॉज धरून हलका दाब दिला की ते थांबतं.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी करून घ्या. दोन्ही मणी घट्ट आहेत हे पिअर्सरकडून तपासून घ्या. दांडीची लांबी, जाडी आणि धातू कागदावर लिहून घ्या. आणि छोट्या दांडीची तारीख तिथेच ठरवा. पुढे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच: सूज उतरते, दुखणं थांबतं आणि परत जायचं राहूनच जातं.

७. पहिले पाच दिवस

काही तासांतच जीभ जड वाटायला लागते. दुसऱ्या दिवशी सूज वाढते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात कळस गाठते आणि सात ते दहा दिवसांत बरीचशी उतरते. जिभेवर दातांचे ठसे उमटणं, लाळ जास्त सुटणं, गिळताना घसा ओढल्यासारखा वाटणं, खालच्या बाजूला थोडं काळं-निळं होणं, हे सगळं या काळात अपेक्षित आहे.

बर्फाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून विरघळू द्या. चावू नका, बर्फ चावताना मणी दाताखाली येतो. झोपताना उशी जास्तीची, डोकं छातीपेक्षा वर. बोलणं जमेल तेवढं कमी.

खाणं शिकावं लागतं. चमचा जिभेवरून घासत नेऊ नका, घास थेट दाढांवर ठेवा. जीभ सपाट ठेवून हळू चावा. घाईत मोठा आ करून घास घेतला की वरचा मणी वरच्या-खालच्या दातांत सापडतो, आणि दाताचा टवका पहिल्यांदा असाच उडतो. चिकट, पिठूळ खाणं दांडीभोवती गुंडाळलं जातं, ते काही दिवस नको. गरम, तिखट आणि आंबट पदार्थ जखमेला झोंबतात.

स, श, ट, ड आणि विशेषतः ळ बोबडे येतील, कारण टाळूला जीभ लावताना मणी मध्ये येतो. सूज उतरली की बोलणं बरंच सुधारतं आणि छोटी दांडी बसली की बहुतेकांचं पूर्ववत होतं.

सिगारेट, तंबाखू आणि दारू जखम भरेपर्यंत बंद. यातली तंबाखू सगळ्यात वाईट: ती जखम भरणं लांबवते आणि संसर्गाला वाट देते. हे सोडणं शक्य नसेल तर पिअर्सिंगच पुढे ढकला. ओठांचं चुंबन आणि मुखमैथुनही या काळात नाही, जोडीदार कायमचा असला तरीही. उष्टा ग्लास, उष्टा चमचा नाही. तलाव, नदी, पोहण्याचा टँक नाही.

८. धुणं: पुरेसं, पण अति नको

मिठाचं पाणी असं करा: एक कप, म्हणजे साधारण २४० मिलि उकळून कोमट केलेलं पाणी आणि त्यात सपाट पाव चमचा मीठ. चमचा चहाचा, मोजमापाचा. अंदाजाने मूठभर टाकलेलं मीठ जखमेतलं पाणी ओढून तिला कोरडी करतं आणि भरू देत नाही. दर वेळी ताजं करा.

प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना अर्धा ते एक मिनिट गुळणी. दिवसात सगळ्या मिळून चार-पाच वेळा, त्यातल्या एक-दोन वेळा माउथवॉशने. मध्येच काही प्यायलात तर साध्या पाण्याची चूळ पुरे. दात नेहमीप्रमाणे दोनदा घासा, आणि पहिल्या आठवड्यानंतर मणी व दांडीही त्याच मऊ ब्रशने हळूच घासायला लागा, नाहीतर त्यांच्यावर दातांवर साचते तशी कीट बसते. ती कडक झाली की दंतवैद्याकडूनच काढावी लागते.

दांडीभोवती पांढुरका-पिवळसर स्राव दिसेल. नवखी माणसं त्याला पू समजून घाबरतात आणि दिवसातून दहा वेळा कडक माउथवॉशने धुवायला लागतात. तो बऱ्या होणाऱ्या जखमेतून पाझरणारा साधा द्रव असतो. अति धुण्याने उलट जिभेवर पांढरा-पिवळा थर चढतो, जीभ चुरचुरते आणि जखम रेंगाळते. थर दिसायला लागला तर माउथवॉश बंद करून काही दिवस नुसतं मिठाचं पाणी ठेवा. अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका. क्लोरहेक्झिडिन हे काही माउथवॉशमधलं जंतुनाशक जास्त दिवस वापरलं की दातांवर डाग पडतात आणि चव बदलते. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगितलेले दिवसच.

रोज एकदा, हात साबणाने धुऊन, मणी घट्ट आहेत का बघा. खालचा मणी एका हाताने धरा आणि वरचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. नखांनी किंवा पकडीने आवळू नका. यापलीकडे दागिन्याला हात लावायचं कारण नाही. ‘चिकटू नये म्हणून’ दांडी पुढे-मागे सरकवायचा सल्ला अजूनही कोणी देतं; तो ऐकू नका, जिभेला स्वतःचीच पुरेशी हालचाल असते.

९. छोटी दांडी

दोन ते चार आठवड्यांत, सूज पूर्ण उतरल्यावर, पहिली लांब दांडी काढून साधारण १४ ते १६ मिमीची बसवतात. नेमकी लांबी तुमच्या जिभेच्या जाडीवर ठरते. मणी जिभेला टेकलेले दिसावेत पण दाबून खळगा पडू नये. मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळीक पुरे.

हा टप्पा टाळला तर काय होतं? लांब दांडी तोंडात सतत झुलते. खालचा मणी खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या हिरडीवर घासत राहतो आणि हिरडी हळूहळू खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. वरचा मणी दाढांमध्ये सापडून टवके उडवतो. शिवाय लांब दांडी जिभेने ढकलायची, दातांत धरून वाजवायची सवय हमखास लागते, आणि एकदा लागली की ती तोडणं अवघड. दांडी वर्षानुवर्षं तोंडात राहिली की नुकसानाची शक्यता वाढत जाते, आखूड असली तरी काही प्रमाणात. म्हणून आखूड करून गाफील राहायचं नाही. खालच्या बाजूला गोल मण्याऐवजी चपटी टिकली मिळते, ती हिरडीला कमी लागते. मी तीच घ्यायला सांगेन.

ही अदलाबदल पिअर्सरकडूनच करून घ्या. भोक अजून कोवळं असतं आणि दांडी निघाली की काही मिनिटांत आकसायला लागतं. घरी स्वतः बदलायचं तर किमान तीन महिने जाऊ द्या. तेव्हाही आधी बेसिनच्या भोकावर झाकण ठेवा, नवी दांडी धुऊन हाताशी ठेवा आणि मगच जुनी काढा.

१०. या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही

लगेच रुग्णालयात: श्वास घ्यायला त्रास, स्वतःची लाळही गिळता न येणं, जबड्याखाली किंवा गळ्यावर कडक सूज, आवाज घोगरा होत जाणं, दहा-पंधरा मिनिटं सलग दाब देऊनही न थांबणारं रक्त. जबड्याखालची सूज झपाट्याने पसरून श्वासनलिका दाबू शकते, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे: पाचव्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढणं, ताप किंवा थंडी, हिरवट किंवा करडा दुर्गंधीचा पू, ठसठस वाढत जाणं, जिभेचा भाग बधिर राहणं किंवा चव न परतणं, मणी मांसात बुडायला लागणं. हृदयाचा आजार असलेल्यांनी किरकोळ तापही अंगावर काढू नये.

संसर्गाची शंका आली म्हणून घाबरून दांडी स्वतः काढू नका. भोक वरून बंद होतं आणि पू आत अडकतो. काढायची का, हे डॉक्टर ठरवतील. मणी रुतायला लागला असेल आणि अजून हाताने सुटत असेल, तर पिअर्सर त्याच दिवशी लांब दांडी घालू शकतो; पूर्ण बुडाला असेल तर डॉक्टरच.

मणी गिळला गेला तर तो बहुधा पोटातून आपोआप बाहेर पडतो, तरी पोट दुखलं तर दाखवा. गिळल्यानंतर खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास सुरू झाला, तर तो श्वासनलिकेत गेला असं धरून लगेच निघा.

११. बरं झाल्यानंतर

दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू मुद्दाम बघायला सांगा. ती हिरडी आरशात स्वतःला दिसत नाही. सरकायला सुरुवात झालेली दिसली तर दागिना काढा. मारामारीचे किंवा अंगावर धावून जाण्याचे खेळ खेळताना तो काढलेला बरा. निदान दातांचं संरक्षक कवच तरी घाला.

शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी दागिना काढायला सांगतात, कारण श्वासाची नळी घालताना तो मध्ये येतो. दातांच्या एक्स-रेला आणि डोक्याच्या एमआरआयलाही सहसा काढावा लागतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, पण प्रतिमेत त्याची सावली येते. तारीख आधी माहीत असेल तर पिअर्सरकडून काचेचा किंवा प्लास्टिकचा रिटेनर, म्हणजे भोक उघडं ठेवणारी तात्पुरती दांडी, घेऊन ठेवा आणि तो चालेल का, हे तपासणी करणाऱ्यांनाच विचारा. जुनं भोकही कधी कधी काही तासांत इतकं आकसतं की दांडी परत जात नाही. तसं झालं तर ढकलू नका, पिअर्सर निमुळत्या सळईने ते अलगद मोकळं करतो.

कायमचं काढायचं ठरलं तर दांडी काढा आणि काही दिवस जेवणानंतर मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. भोक आतून भरत येतं. वर आणि खाली एक छोटी खळी राहू शकते. तिच्यात अन्न अडकत असेल तर जीभ घासताना तेवढी जागाही मऊ ब्रशने घ्या.